पाणी, शाई आणि संगणक

मोबाईल पाण्यात पडला की तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचा, हे शास्त्र आता घरोघरी पोचले आहे. आमच्या सोसायटीत तर एका काकूंनी त्यासाठी आंबेमोहोर वापरल्याचे ऐकले. कोलम का चालत नाही, हे विचारायचे राहून गेले. वास्तविक तांदूळ आतले पाणी ओढून घेतो असे काही नाही. उघड्या हवेत पंख्याखाली ठेवले तरी पाणी तेवढेच उडते. उलट तांदळाचे पीठ आणि कणी आत शिरून नवे दुखणे होते. २०२४ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या सूचनांतच लिहून टाकले की बाबांनो, फोन तांदळात ठेवू नका. तरीही लोक ठेवतातच. घरात काही भिजले की काहीतरी केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञान शिकवण्याचा प्रसंग फक्त सहकारी रजेवर असताना 'ऑफ पिरियड'ला आला तेवढाच. पण निवृत्तीनंतर संगणकाशी गट्टी जमली, आणि मग संगणकाच्या इतिहासात पाण्याने काय काय करून ठेवले आहे ते वाचायचा नाद लागला. राजेरजवाड्यांच्या इतिहासात जशी सरदारांपेक्षा एखादी बंद पडलेली विहीर किंवा ओली झालेली दारू जास्त काम करून जाते, तसेच इथेही आहे. आज त्यातले थोडेसे सांगतो.

आधी एक गोष्ट. पाणी म्हणजे विजेचा शत्रू, असे आपण सरसकट म्हणतो. पण अगदी शुद्ध पाणी विजेचे फार कमजोर वाहक आहे. वीज वाहून नेतात ते त्यात विरघळलेले क्षार. म्हणून नळाचे पाणी वाईट, समुद्राचे त्याहून वाईट, आणि दूधसाखरेचा चहा तर पाणी उडून गेल्यावरही चिकटा मागे ठेवून जातो. दुसरे असे की नुसत्या ओलाव्याने लगेच सगळे मरत नाही. ओलावा असताना आतून वीज वाहत असेल तर तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात, हिरवट-पांढरी पूड जमते आणि दोन तारांमध्ये नको तिथे पूल बांधला जातो. म्हणून काही सांडले की पहिले काम पुसणे नव्हे, वीज तोडणे. हे ज्याला कळले त्याला पुढचा सगळा इतिहास कळला म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की मोठ्या संगणकांना पाणी हवेही असायचे. हे अजस्र यंत्र चालताना इतके तापायचे की नुसत्या हवेने भागेना. आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या 'सिस्टिम ३६०' मालिकेतल्या मॉडेल ९१ ला पाण्याने थंड करीत, आणि १९८५ मध्ये आलेले क्रे-२ हे महासंगणक तर चक्क एका द्रवात बुडवलेले होते. तो द्रव वीज न वाहणारा होता हे अर्थात वेगळे. म्हणजे पाणी नळीत असले तर सेवक, नळीबाहेर आले तर वैरी. आपल्याकडे मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशात बांधलेला संगणक चालू झाला आणि १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले. संस्था समुद्राला खेटून. त्या काळातली छिद्रे पाडलेली कार्डे दमट हवेत फुगत आणि वाचणाऱ्या यंत्रात अडकत. माणसांसाठी पंखे आणि यंत्रासाठी वातानुकूलन, असा तो जमाना होता. आमच्या पिढीतल्या लोकांना संगणकाच्या खोलीत चपला काढून जायची सवय होती ती त्यातूनच आली असावी. देव्हारा आणि संगणक कक्ष यांत फरक एवढाच की देव्हाऱ्यात तांब्याभर पाणी चालते.

पाण्याचा सर्वांत प्रसिद्ध किस्सा मात्र असा आहे ज्यात पाण्याने काहीच केले नाही. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ या यानात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. लव्हेल, स्विगर्ट आणि हेझ या तिघांनी मुख्य यानाची वीज वाचवण्यासाठी ते पूर्ण बंद केले आणि चांद्रयानात आसरा घेतला. सिनेमामुळे ही कथा पुष्कळांना माहीत आहे. बंद यान गारठत गेले. आतली हवा तीन माणसांच्या श्वासांनी ओली झालेली. ती थंड भिंतींवर, फळ्यांवर, बटनांवर थेंबाथेंबाने जमली. परत येताना पृथ्वीच्या वातावरणात शिरण्यापूर्वी हेच यान पुन्हा चालू करायचे होते. ओल्या फळ्यांच्या मागे तारांची किती गुंतागुंत असेल, आणि तिथेही थेंब असणारच. बटन दाबले आणि ठिणगी पडली तर काय?

ठिणगी पडली नाही. याचे श्रेय तीन वर्षांपूर्वीच्या एका अपघाताला दिले जाते. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच चाचणी चालू असताना अपोलो १ च्या कक्षात आग लागली आणि ग्रिसम, व्हाईट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर तारांची आवरणे, जोडण्या सगळे नव्याने आणि काटेकोर केले गेले. ते आगीसाठी केले होते. कामाला आले दवासाठी. १७ एप्रिल १९७० ला तिघे प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. इतिहासात असे नेहमी घडते. तटबंदी एका शत्रूसाठी बांधतात आणि ती उपयोगी पडते दुसऱ्याच्या वेळी.

पण मला स्वतःला जास्त विचार करायला लावले ते २००७ सालच्या प्रकाराने. आपली सुनीता विल्यम्स (आता 'आपली' म्हणायचे की नाही यावर वाद घालणारे आहेत, पण मी म्हणतो) त्या वेळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होती. जून महिन्यात तिला परत आणायला अटलांटिस हे यान गेले होते. येताना ते नवीन सौरपंख घेऊन आले होते, आणि ते जोडण्याचे काम चालू असतानाच स्थानकाच्या रशियन भागातले संगणक बंद पडले. एक-दोन नव्हे, सगळे. दोन मुख्य संगणक, आणि प्रत्येकात तीन-तीन स्वतंत्र भाग. स्थानकाचे तोंड कुठल्या दिशेला ठेवायचे हे या संगणकांच्या हाती होते.

तीन-तीन कशासाठी, तर मतदानासाठी. बोर्डाच्या परीक्षेत एखाद्या उत्तरपत्रिकेबद्दल शंका आली तर ती दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे, तसेच. तिघांनी तोच हिशोब स्वतंत्रपणे करायचा. एकाचे उत्तर वेगळे आले तर दोघांचे खरे मानायचे आणि त्या एकाला बाजूला बसवायचे. एकदम तिघे बिघडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, असा यामागचा विश्वास. आणि इथे सहाच्या सहा गप्प.

मग जे झाले ते कुठल्याही कार्यालयात होते तसेच झाले. नवीन सौरपंखांतून येणारी अमेरिकी वीज 'गढूळ' आहे, असा संशय रशियन बाजूने घेतला. अमेरिकन मंडळी इतरत्र बघू लागली. संगणक मुळात जर्मनीत बनलेले, तेव्हा तीही एक दिशा होती. तोवर अटलांटिसच्या इंजिनांनी स्थानकाला सावरून धरले. शेवटी युर्चिखिन आणि कोटोव्ह या दोन रशियन अंतराळवीरांनी विजेवर नजर ठेवणाऱ्या एका पेटीला वळसा घालून सरळ तार जोडली. गावाकडे वायरमन मीटरला बगल देऊन 'डायरेक्ट' जोडतो तसे. आणि संगणक उठले!

नंतर ती पेटी उघडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. तिच्या जोडणीच्या पिना ओलाव्याने गंजल्या होत्या. स्थानकाच्या हवेतली वाफ जवळच्या थंड भागावर जमून तिथे ओल राहत होती. गंजाने दोन तारांमध्ये पूल बांधला, आणि त्या पेटीतून 'बंद व्हा' हा हुकूम सुटला. हुकूम खोटा होता, पण तो जात होता तिघांनाही. तीन परीक्षक नेमले, तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, पण शिपाई एकच ठेवला आणि त्यानेच येऊन सांगितले की आज तपासणी बंद, घरी जा. तिघेही निमूट घरी गेले. सौरपंखांचा, विजेच्या 'गढूळ'पणाचा काही संबंध नव्हता. आठवडाभर दोन देशांचे शास्त्रज्ञ ज्याच्यामागे धावत होते ते थोडेसे दव होते.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा कितीतरी वेळ मुघल दरबार आणि किल्लेदार डोळ्यांपुढे आले. तीन दरवाजे, तिन्हींना वेगळे पहारे, आणि किल्ल्या एकाच झुपक्यात.

विमानांतल्या गोष्टी पटकन सांगतो. ७ जानेवारी २००८ रोजी लंडनहून बँकॉकला येणाऱ्या क्वांटासच्या बोइंग ७४७ मध्ये बँकॉक जवळ आले असताना बहुतेक वीजपुरवठा गेला. कारण? स्वयंपाकघराची मोरी तुंबली होती! सांडपाण्याच्या नळीत बर्फ धरला, पाणी उलटे वर आले, फरशीतून झिरपले आणि खाली जिथे विजेची नियंत्रक यंत्रे होती तिथे, त्यांच्यावरच्या तडा गेलेल्या पन्हळीतून टपकले. साडेतीनशेहून जास्त माणसे विमानात. दिवस होता, आकाश निरभ्र होते, विमानतळ जवळ होता. विमान बॅटरीवर उतरले. मोरी तुंबण्याचा इतका महाग प्रकार दुसरा नसेल. आणि नोव्हेंबर २०१९ व जानेवारी २०२० मध्ये एअरबस ए३५० च्या दोन विमानांत वैमानिकांच्या मधल्या फळीवर चहा-कॉफी सांडली आणि दोन्ही वेळा उडत्या विमानाचे एक इंजिन बंद पडले. दोन्ही सुखरूप उतरली. त्यानंतर युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने रीतसर आदेश काढला की त्या फळीच्या आसपास पेय आणायचे नाही. जे आपली आई 'वहीवर पेला ठेवू नकोस' असे दोन शब्दांत सांगायची, त्याला सरकारी कागद लागला.

त्याच २००८ सालातली एक गोष्ट मात्र भरभर सांगण्यासारखी नाही. २३ फेब्रुवारी २००८, प्रशांत महासागरातले ग्वाम बेट. दमट, पावसाळी हवा. अमेरिकेचे बी-२ हे बाँबफेकी विमान उड्डाणाला निघाले. जगातले सर्वांत महागडे विमान. किंमत एक अब्ज चाळीस कोटी डॉलर. या विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारी २४ उपकरणे असतात, त्यांवरून संगणक विमानाचा वेग आणि तोंडाचा कल ठरवतो. त्यांतल्या तिघांत ओलावा शिरला होता. तंत्रज्ञांनी नेहमीप्रमाणे उपकरणे जुळवून घेतली, म्हणजे ओल्या अवस्थेतच. नंतर निघण्यापूर्वी उपकरणांचे गरम करणारे तापक चालू झाले, ओलावा उडाला, आणि आता जुळणी चुकीची झाली. काट्यावर ओला टॉवेल ठेवून शून्य लावायचे आणि मग टॉवेल काढून माल तोलायचा, तसे. संगणकाला वाटले वेग पुरेसा आहे, तोंड खाली झुकते आहे. त्याने तोंड तीस अंश वर उचलले. विमान तोल जाऊन धावपट्टीशेजारी पडले. दोन्ही वैमानिक बाहेर उडाले आणि वाचले.

आता यातला खरा भाग. जुळणी करण्याआधी तापक थोडा वेळ चालू केले तर ओलावा निघून जातो, ही युक्ती काही तंत्रज्ञांना आणि वैमानिकांना दोन वर्षांपूर्वीच, ग्वामच्याच हवेत, सापडली होती. ज्यांना कळली ते वापरत. पण ती पुस्तकात चढली नाही. तोंडी राहिली. माणसे बदलली, नवी तुकडी आली, आणि तिला कोणी सांगितले नाही. चौकशी अहवालात हे स्पष्ट नोंदले आहे. पाण्याने विमान पाडले असे म्हणतात. मला विचाराल तर न लिहिलेल्या चार ओळींनी पाडले.

हे मला इतके लागण्याचे कारण आहे. मी कृष्णाकाठच्या एका गावात तीस वर्षे शिकवले. शाळेचे नाव सांगत नाही. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ते सर्वांच्या लक्षात आहे. त्याच पावसाळ्यात आमच्याकडे कृष्णा चढली. शाळेत तोवर दहा संगणक आले होते. ते तळमजल्यावर, कारण वीजजोडणी तिथे आणि पाहुण्यांना दाखवायलाही सोपे. वर्ष-दीड वर्ष आधी एका बाहेरच्या माणसाकडून जनरल रजिस्टर संगणकात भरून घेतले होते. ज्यांनी शाळेत काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा सातबारा. मुलगा कधी आला, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, कधी गेला. दाखला त्यावरूनच निघतो. भरलेल्या माहितीची एक सीडी केली होती. ती कुठे होती? त्याच संगणकाच्या टेबलाच्या खणात. अर्थात पुरात दोन्ही एकत्र बुडाली. संगणकाच्या पेट्या कोणी वाळवल्या, लगेच सुरू करून पाहिल्या, आणि जी काही आशा होती ती तिथेच संपली. चिखलात भिजलेली डिस्क सुकवायची नसते, ओलीच बंद पिशवीत घालून जाणकाराकडे न्यायची असते, हे तेव्हा आमच्याकडे कोणाला ठाऊक असणार! सुकली की गाळ तबकड्यांवर घट्ट बसतो.

पण मूळ रजिस्टरे वाचली. ती लेखनिकांच्या खोलीत, तीही तळमजल्यावरच. पाणी पटांगणाच्या कडेला लागले त्या रात्री आमच्या शिपाईमामांनी ती एकट्याने डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेली. चाळीसेक जाड वह्या, काहींना वाळवीने खाल्लेले पुठ्ठे. त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी होडीतून लोक आले तेव्हा मामा वह्यांच्या गठ्ठ्यावर घोंगडी पांघरून झोपले होते. मी त्यांना नंतर विचारले, मामा, संगणक का नाही नेले? ते म्हणाले, "सर, त्यात काय असतंय ते मला कुनी दावलंच न्हाई." या उत्तरावर मी आजवर विचार करतो आहे. रजिस्टर म्हणजे काय हे त्यांना पक्के माहीत होते, कारण दाखल्यासाठी रडत आलेली माणसे त्यांनी दारात बसवून चहा पाजली होती. २०२३ पासून जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या शाळांतून अशा वह्या उघडल्या गेल्या. मामा तोवर नव्हते.

यावरून कागद चांगला आणि संगणक वाईट असे कोणी म्हणू लागले तर मी सहमत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ग्रंथालयांतली पुस्तके लगदा होऊन बाहेर निघाली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीने १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची तीच गत केली. पाण्याला कागदाचे काही विशेष वावडे नाही.

कागदाचे मी लहानपणीच पाहिले आहे. १२ जुलै १९६१, पानशेत. मी बारा वर्षांचा होतो, घर पुण्यात नारायण पेठेत. त्या दिवसाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, मी एवढेच सांगतो: आठवडाभराने घरात जाता आले तेव्हा वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत आजोबांची पत्रे. आईने ती दोरीवर कपड्यांसारखी चिमटे लावून वाळत घातली. काही पत्रे साध्या निळ्या शाईतली होती. त्यांवर निळसर ढग उरले होते, अक्षर एक नाही. काही निळ्या-काळ्या शाईतली होती; ती डागाळलेली पण वाचता येणारी. ही शाई लोहाची असते, कागदाच्या तंतूंत धरून बसते, हे मी पुढे वाचले. आजोबांनी कुठल्या पत्राला कुठली दौत उघडली यावर त्यांचे काय मागे उरले ते ठरले. आजीच्या आजारपणाची सगळी पत्रे गेली. गव्हाच्या भावाची राहिली.

योगायोग पाहा, पानशेतच्या तारखेलाच, १२ जुलै १९७३ रोजी, अमेरिकेत सेंट लुईसला सैनिकांची कागदपत्रे ठेवलेल्या इमारतीला आग लागली. दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. जळाल्या नाहीत त्या बंबांच्या पाण्याने भिजल्या, आणि जुलैच्या उकाड्यात बुरशी चढायला किती वेळ लागतो! तेव्हा त्यांनी अंतराळयाने तपासण्यासाठी वापरला जाणारा एक निर्वात कक्ष मिळवला आणि त्यात हे ओले कागद पेट्याच्या पेट्या भरून वाळवले. हवा काढून घेतली की पाणी कमी उष्णतेत उडते. आईच्या दोरीचेच हे श्रीमंत रूप, असे मला वाटते.

आणि पाण्यातून वाचवलेल्या ज्या वस्तूबद्दल मला सर्वांत जास्त कुतूहल आहे ती एक टेप आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले. सात जण होते. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका. माझ्यासारखेच इतिहास-समाजशास्त्र शिकवणारी. हजारो अर्जांतून तिची निवड झाली होती आणि ती अंतराळातून दोन पाठ घेणार होती. कितीतरी शाळांतली मुले दूरचित्रवाणीपुढे बसली होती. आमच्या शिक्षकखोलीत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र हातोहात फिरले आणि कोणी फारसे बोलले नाही.

माणसे बसण्याचा कक्ष मार्चमध्ये समुद्राच्या तळाशी सापडला. त्यात आपसातले बोलणे टिपणारी टेप होती, सुमारे सहा आठवडे खाऱ्या पाण्यात राहिलेली. नुसती भिजली असती तर सोपे होते, पण यंत्रातल्या मॅग्नेशियम या धातूवर खाऱ्या पाण्याची क्रिया होऊन तयार झालेला क्षार टेपच्या थरांत शिरून बसला होता. आयबीएमच्या तज्ज्ञांनी रसायनांनी धूत, अलगद थर सोडवत ती वाचण्याजोगी केली. २८ जुलै १९८६ रोजी, बरोबर सहा महिन्यांनी, त्या संभाषणाचा लेखी उतारा प्रसिद्ध झाला. मी तो नंतर वाचला. उड्डाणाआधीची दोन मिनिटे आणि पुढची ७३ सेकंदे. स्कोबी, स्मिथ, रेझनिक, ओनिझुका हे चौघे बोलतात. कामाचे बोलतात, मध्येच आनंदाने ओरडतात. मॅकऑलिफ त्यात नाही. ती खालच्या मजल्यावर बसली होती.

तिच्यासाठी पर्यायी म्हणून जी शिक्षिका तयार केली होती ती बार्बरा मॉर्गन. तिला एकवीस वर्षे वाट पाहावी लागली. ऑगस्ट २००७ मध्ये ती एंडेव्हर यानातून त्याच अंतराळ स्थानकावर पोचली जिथे दोन महिन्यांपूर्वी दवाने सहा संगणक झोपवले होते. आणि २०१८ साली जो अकाबा आणि रिकी आर्नोल्ड या, पूर्वी शिक्षक असलेल्या, दोन अंतराळवीरांनी मॅकऑलिफने ठरवून ठेवलेले काही प्रयोग स्थानकावर करून त्यांचे चित्रण मुलांसाठी पाठवले. वजनरहित अवस्थेत द्रव कसा वागतो हा त्यातला एक. न्यूटनच्या नियमांचा एक. आणि एक असा, की कागदावरून पाणी सरकत जाते तेव्हा शाईतले रंग एकमेकांपासून कसे सुटे होतात.